गुणपत्रिका ते पर्सेंटाईल : आपल्या लेकरांचं कॉलेज नेमकं कोण ठरवतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात दहावी-बारावीचं लेकरू असेल तर दहा मिनिटं काढून वाचा. नसेल तर शेजाऱ्याच्या घरात असेल, त्यांना पाठवा.

सध्या निकालाचे दिवस. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत एकच विषय. पूर्वी लोक विचारायचे, "किती टक्के पडले?" आता विचारतात, "पर्सेंटाईल किती? स्कोअर किती?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "एवढ्यात कुठं लागेल?" या दोन प्रश्नांच्या मध्ये तिसरा एक प्रश्न असायला हवा होता, "बाळा, तुला करायचंय काय?" तो कुणी विचारत नाही. कारण सगळ्यांना मनातून माहीत असतं की आकडा आला की उत्तर आलं.

मी गेली वीस वर्षं आपल्या भागात निकालाच्या बातम्या करतोय. या वीस वर्षांत पोरांची हुशारी फारशी बदलली नाही, आईबापांची धडपडही नाही. बदलत राहिली ती मोजपट्टी. कधी इंटरचे मार्क, कधी बारावीचे, कधी सीईटी, कधी जेईई, कधी नीट. मोजपट्टी बदलली की "हुशार" कोण हेही बदलतं. ती कुणी, कधी आणि कशासाठी बदलली, याचा इतिहास आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

इंटर सायन्सचा काळ

आपल्या आधीच्या पिढीत दहावी-बारावी हा प्रकारच नव्हता. अकरावीला मॅट्रिक, मग कॉलेजात एफवाय, मग इंटर सायन्स. इंटरला जीवशास्त्राचा ग्रुप घेतला आणि मार्क पडले तर मेडिकल, गणिताचा ग्रुप आणि मार्क पडले तर इंजिनिअरिंग. सत्तरच्या दशकात १०+२+३ आलं आणि इंटरची जागा बारावीनं घेतली.

त्या काळात कॉलेजं होती तरी किती? पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. स्वातंत्र्यानंतर औरंगाबाद, कराड, अमरावती अशी सरकारी कॉलेजं निघाली. जागा मोजक्या, आणि इंटरपर्यंत पोचणारी पोरंही मोजकी. शेतकऱ्याचं, मजुराचं पोर मुळात त्या रांगेतच नसायचं. ते मॅट्रिकलाच गळायचं, नाहीतर डीएड करून मास्तर व्हायचं. त्यामुळं "तेव्हा सगळं मेरिटवर होतं" असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारावं, त्या मेरिटच्या लाईनीत उभं राहायची परवानगी कुणाला होती?

१९८३ : दादांचा निर्णय

जागा कमी, मागणी जास्त. ज्यांच्याकडं पैसा होता त्यांची पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. महाराष्ट्राचा पैसा कर्नाटकात जातो, मग आपल्याच राज्यात कॉलेजं का नकोत, असा विचार पुढं आला. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित खासगी व्यावसायिक कॉलेजांना परवानगी दिली. पुण्यातली एमआयटी, पीआयसीटी, विश्वकर्मा ही कॉलेजं त्याच वर्षाची. मग साखर कारखान्यांच्या परिसरात, पुढाऱ्यांच्या संस्थांमधून कॉलेजं उगवली. "शिक्षणसम्राट" हा शब्द तिथून रूढ झाला.

या निर्णयाला शिव्याही खूप बसल्या आणि फायदाही खूप झाला, दोन्ही खरं आहे. पुण्या-मुंबईबाहेरच्या हजारो पोरांना इंजिनिअर होता आलं. पण त्याबरोबर एक गोष्ट उघड झाली, की मार्क कमी पडले तर पैसा ती दरी भरून काढतो. राज्यानं १९८७ मध्ये कॅपिटेशन फीबंदीचा कायदा केला. पण डोनेशन कायद्यानं थांबलं, असं आपल्याकडं कुणीही छातीठोक सांगणार नाही.

त्याच काळात मार्कांची ताकद काय असते हे मराठवाड्यानं फार जवळून पाहिलं. आपल्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेत त्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं, उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. एका परीक्षेच्या गुणांवरून राज्याचा मुख्यमंत्री गेला. मार्क ही घरातली खासगी गोष्ट राहिली नाही, ती सार्वजनिक कारभाराची गोष्ट झाली.

कोर्टानं लाईन लावली

पुढचा मोठा टप्पा सर्वोच्च न्यायालयातला. १९९२ चा मोहिनी जैन खटला. कर्नाटकात खासगी मेडिकल कॉलेजात सरकारी जागेवरच्या पोराला वर्षाला २ हजार रुपये फी, राज्यातल्या बाकीच्यांना २५ हजार आणि बाहेरच्या राज्यातल्याला ६० हजार. ६० हजार परवडत नाहीत म्हणून उत्तर प्रदेशातली एक मुलगी कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, कॅपिटेशन फी बेकायदा. पाठोपाठ १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्याचा निकाल आला. त्यात योजना अशी की खासगी कॉलेजातल्या निम्म्या जागा "फ्री सीट", निम्म्या "पेमेंट सीट", पण दोन्ही भरायच्या मेरिटवर, एका यादीतून.

ज्यांनी नव्वदीत बारावी दिली त्यांना हे शब्द आठवत असतील. "फ्री सीटला लागला का पेमेंटला?" हा प्रश्न तेव्हा गावभर विचारला जायचा. एका मार्कानं फ्री सीट हुकायची आणि बापाचं दोन एकर रान विकायला निघायचं. मार्काची किंमत रुपयात मोजायची सवय आपल्याला तिथं लागली. पुढं टी. एम. ए. पै (२००२) आणि आपल्या पुण्याचा पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार (२००५) हे निकाल आले. खासगी संस्थांना मोकळीक वाढली, पण प्रवेश पारदर्शक हवेत, नफेखोरी नको, हे तत्त्व राहिलं. आज आपण ज्याला कॅप राऊंड म्हणतो, फी ठरवणारं प्राधिकरण म्हणतो, ते सगळं या कोर्टबाजीच्या पोटातून जन्मलेलं आहे. सध्याचा सीईटी सेलही २०१५ च्या राज्य कायद्याखाली चालतो.

लातूर पॅटर्न : यादीत येण्याची कला

आता आपल्या घरची गोष्ट. बोर्डाची गुणवत्ता यादी आठवते का? पेपरात पहिल्या पानावर फोटो, पेढे भरवणारी आई, शेजारी उभे मुख्याध्यापक. वर्षानुवर्षं त्या यादीत ठरलेल्या शहरांतल्या ठरलेल्या शाळा असायच्या. ऐंशी-नव्वदच्या दशकात त्यात एक नाव घुसलं, लातूर. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, शाळांमध्ये केशवराज. शाहूचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि पुढं प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावं या पॅटर्नशी कायमची जोडली गेली.

त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा. पेपर तपासून पोराच्या हातात द्यायचा आणि "इथं मार्क गेला" हे दाखवायचं. सुट्टीतही वर्ग चालू. प्राध्यापक संध्याकाळी पोरांच्या खोलीवर जाऊन बघायचे, अभ्यास करतोय का. हे सगळं कॉलेजात, कॉलेजच्या फीत. ज्या भागात पाणी नाही, उद्योग नाही, तिथं शिक्षकांनी मेहनतीवर उभी केलेली ही गोष्ट होती आणि तिचा अभिमान बाळगायलाच हवा. १९९३ च्या भूकंपानंतरही लातूर उभं राहिलं त्यात या कॉलेजांचा वाटा आहे.

पण पॅटर्न हा शब्दच बघा. पॅटर्न म्हणजे मोजपट्टी ओळखून तिच्या मापानं अभ्यास करणं. ती मोजपट्टी बोर्डाची होती तोवर पॅटर्न कॉलेजात होता. मोजपट्टी बदलली आणि पॅटर्न कॉलेजातून उठून क्लासेसच्या इमारतीत गेला. गुणवत्ता याद्याही बंद झाल्या. आज लातूरला पोर पाठवतो म्हणणाऱ्या बापाला विचारा कोणत्या कॉलेजला, तो क्लासचं नाव सांगेल.

सीईटी आली आणि बारावी रिकामी झाली

बारावीच्या मार्कांवर प्रवेश देण्यात अडचणी खऱ्याच होत्या. कॉपीची केंद्रं, प्रॅक्टिकलच्या मार्कांची खैरात, वेगवेगळ्या बोर्डांचे वेगवेगळे मार्क. म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्यानं मेडिकलसाठी सीईटी आणली, काही वर्षांनी इंजिनिअरिंगसाठीही. एकच दिवस, एकच पेपर, पर्यायी उत्तरं, २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. कागदावर एकदम न्याय्य.

आता हिशोब बघा. आज इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला खुल्या प्रवर्गातल्या पोराला बारावीत ग्रुपला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. तेवढे पडले की बारावीचं काम संपलं. मग पोरगं कॉलेजात कशाला जाईल? तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात नाव टाकायचं आणि राहायचं लातूरला, नांदेडला, संभाजीनगरला, पुण्याला. हजेरी कागदावर, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात. "इंटिग्रेटेड" नावाचा धंदा यातूनच उभा राहिला. २०१८ मध्ये सरकारनं मोठ्या शहरांत अकरावी सायन्सला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. आदेश काढावा लागला यातच सगळं आलं.

आपल्या तालुक्यातल्या सायन्सच्या वर्गात जाऊन बघा एकदा. पटावर शंभर, बाकावर पंधरा. ते पंधरा कोण? ज्यांना क्लासची फी परवडत नाही ते. शिकवायला उभ्या असलेल्या सरांनाही वाटतं, कुणासाठी शिकवू? वर्ग मोडला की त्या पंधरा लेकरांचंही शिक्षण मोडतं. सीईटीनं कॉपीबहाद्दर अडवला हे खरं. पण ज्याच्याकडं कॉलेजशिवाय दुसरं काहीच नव्हतं त्याच्या हातातलं कॉलेजही काढून घेतलं, हेही तितकंच खरं.

अकरावीचा पोरखेळ

पट्टी बदलण्याचा खेळ बारावीपुरता नाही. २००८ मध्ये सरकारला वाटलं, आयसीएसई-सीबीएसईच्या पोरांचे मार्क जास्त दिसतात म्हणून मुंबईत अकरावीला एसएससीची पोरं मागं पडतात. म्हणून पर्सेंटाईल सूत्र आणलं, न्यायालयात टिकलं नाही. २००९ मध्ये ९०:१० कोटा, म्हणजे ९० टक्के जागा एसएससीला. तोही उच्च न्यायालयानं रद्द केला. २०१० मध्ये "बेस्ट फाईव्ह". तो उच्च न्यायालयात अडकला आणि सर्वोच्च न्यायालयात तरला. तीन वर्षांत तीन पट्ट्या. २०२१ मध्ये कोरोनामुळं दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल लागला ९९.९५ टक्के, मग अकरावीसाठी सीईटी घ्यायचं ठरलं आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं तीही रद्द केली. पंधरा वर्षांची पोरं अर्ज भरून बसली होती.

२०१३ ते २०१६ : एका बॅचची फरफट

सगळ्यात वाईट काळ हा. मी बातम्या करत होतो, पण दररोज काय छापावं हे आम्हालाच कळत नव्हतं.

मे २०१३ मध्ये देशभर पहिली नीट झाली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दोन विरुद्ध एक अशी रद्द ठरवली. मेडिकलला पुन्हा राज्याची सीईटी. इकडं इंजिनिअरिंगला राज्यानं २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं जेईई मेन स्वीकारली, निम्मं वजन बारावीला, निम्मं जेईईला. अभ्यासक्रम वेगळा, काठिण्य वेगळं, निगेटिव्ह मार्किंग. तालुक्याची पोरं आडवी झाली. २०१६ मध्ये पुन्हा सीईटीवर परत.

आणि २०१६ ची तर कमालच. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपलाच २०१३ चा निकाल मागं घेतला. २८ एप्रिलला सांगितलं, नीट याच वर्षी होणार, पहिला टप्पा १ मे, दुसरा २४ जुलै. मध्ये राज्याची सीईटी ५ मे. सीईटी बारावीच्या राज्य अभ्यासक्रमावर, नीट सीबीएसईच्या वळणाची. २४ मे रोजी केंद्रानं वटहुकूम काढला, सरकारी जागांना त्या वर्षापुरती सूट. पण खासगी कॉलेज हवं तर नीट द्याच. तारखा पुन्हा वाचा. सतरा वर्षांच्या लेकराला एका महिन्यात तीन वेळा सांगण्यात आलं की तुझं भविष्य ठरवणारी परीक्षा आता वेगळी आहे. ज्यांनी त्या वर्षी टीव्हीसमोर बसून रात्री काढल्या त्या आईबापांना विचारा.

त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. प्यायला पाणी नाही म्हणून खोल्या सोडायची वेळ आलेली पोरं आणि वरून परीक्षेचा हा गोंधळ. "हुशार" ठरायला काय काय सोसावं लागतं ते आम्ही पाहिलंय.

७०:३० आणि पत्त्याचे मार्क

मोजपट्टीत आणखी एक गोष्ट दडलेली असते, पत्ता. राज्यात मेडिकलला ७०:३० असं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, ३० टक्के राज्यभरातल्यांना. विभाग तीन : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. हेतू चांगला, मागास भागाला संरक्षण. झालं उलटं. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजं कमी, आणि लातूर-नांदेडमुळं जास्त मार्कवाली पोरं जास्त. त्यामुळं आपल्याकडचा कटऑफ चढा. इथं जास्त मार्क घेऊन पोरगं घरी बसायचं आणि त्याहून कमी मार्कांवर दुसऱ्या विभागात कुणाला तरी सीट मिळायची. मराठवाड्यानं वर्षानुवर्षं ओरड केली. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुखांनी हे सूत्र रद्द केल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं फटाके वाजले, विदर्भातून नाराजी आली. दोघांचंही खरं होतं. मूळ दुखणं कॉलेजं कुठं काढली आणि कुठं नाही काढली, हे होतं.

इंजिनिअरिंगला आजही होम युनिव्हर्सिटीचा ७०:३० हिशोब आहेच. त्यामुळं सारखंच पर्सेंटाईल असलेल्या दोन पोरांना एकाच कॉलेजात वेगवेगळं उत्तर मिळू शकतं.

२०२४ : विश्वासालाच तडा

२०१९ पासून राज्याची सीईटी संगणकावर झाली आणि पर्सेंटाईलमध्ये निकाल येऊ लागला. त्याच वर्षापासून नीट एनटीए घेते. ५ मे २०२४ ची नीट सुमारे २३ लाख पोरांनी दिली. निकाल लागला ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी त्याच दिवशी. ७२० पैकी ७२० घेणारे ६७ जण. १५६३ जणांना ग्रेस मार्क, मग ते रद्द, मग २३ जूनला फेरपरीक्षा. पाटणा-हजारीबागला पेपर फुटल्याचं निष्पन्न झालं. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गळती झाली, पण संपूर्ण परीक्षाच रद्द करावी इतकी व्यापक नाही.

त्या प्रकरणाची तार लातूरपर्यंत आली. दोन शिक्षकांना अटक झाली. बातमी लिहिताना हात जड झाला होता. ज्या गावानं मेहनतीच्या जोरावर नाव कमावलं त्या गावाचं नाव देशभराच्या चॅनेलवर या कारणानं झळकलं. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण त्या वर्षी खोलीत राहून प्रामाणिकपणे दिवसाचे बारा तास बसलेल्या पोरांना "लातूरचा का?" असं तिरकं विचारलं गेलं, त्याची भरपाई कोण करणार?

पुढच्या वर्षी, २०२५ ला, पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मार्क. म्हणजे २०२४ चे ६५० आणि २०२५ चे ६५० यात जमीन-अस्मानाचा फरक. तरी काका-मामा विचारणारच, "गेल्या वर्षी अमक्याला ६५० होते, तुला कमी कसे?" त्याच २०२५ मध्ये राज्याच्या सीईटीत २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकीचे निघाले आणि ५ मे रोजी त्या पोरांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. पोरानं एक गोळा चुकीचा भरला तर मार्क गेला. यंत्रणेनं २१ प्रश्न चुकवले तर प्रसिद्धीपत्रक निघतं.

पर्सेंटाईल म्हणजे काय, एकदाच समजून घ्या

टक्के म्हणजे शंभरपैकी किती मार्क. पर्सेंटाईल म्हणजे शंभर पोरांपैकी किती तुझ्या मागं. समजा एका ग्रुपला ३ लाख पोरं बसली. ९० पर्सेंटाईल ऐकायला झकास वाटतं, पण तुझ्या पुढं ३० हजार पोरं उभी आहेत. ९९ म्हणजे पुढं ३ हजार. दोघांच्या सुटलेल्या प्रश्नांत फरक वाटतो तितका मोठा नसतो, लाईनीत मात्र २७ हजारांचा. म्हणून ९० वाल्या लेकराला ढ म्हणू नका आणि ९० पडले म्हणून सीओईपीचे पेढेही वाटू नका.

आणि मेरिट किती ताठ असतं तेही बघा. २०२३ मध्ये मेडिकलच्या पदव्युत्तर जागा रिकाम्या राहतात म्हणून नीट-पीजीची पात्रता थेट शून्य पर्सेंटाईलवर आणली गेली. म्हणजे गरिबाच्या पोराला एका मार्कानं अडवणारी पट्टी, महागड्या जागा रिकाम्या राहिल्या की रबरासारखी वाकते. याच कारणानं स्कोअर ही पैशाची भाषा आहे. सरकारी मेडिकलची वर्षाची फी आणि खासगीची फी यात कित्येक पटींचं अंतर. काही मार्क इकडं-तिकडं झाले की तेच लेकरू सरकारीतून खासगीत, खासगीतून बीएएमएसमध्ये, नाहीतर "रिपीट"मध्ये जातं. रिपीटचा खर्चही सगळ्यांना झेपत नाही. पैसेवाल्याचं पोर तीनदा परीक्षा देतं, मजुराचं एकदाच.

भाषेचंही तेच. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत पडतं. नीट मराठीत देता येते, पण दोन वर्षं पुस्तक इंग्रजी आणि पेपर मराठी, हे कोण करणार? म्हणून ती सोय घेणारी पोरं फार थोडी.

तामिळनाडूनं दुसरी वाट धरून पाहिली. २००६ मध्ये कायदा करून व्यावसायिक प्रवेशाच्या परीक्षाच बंद केल्या आणि बारावीवर प्रवेश दिले. नीट आल्यावर तो मार्ग मेडिकलला बंद झाला. मग २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकून नीट पास झालेल्या पोरांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा राखीव केल्या. आपल्याकडं २०२२ मध्ये इंजिनिअरिंगला बारावीचं ५० टक्के वजन परत आणायची घोषणा झाली होती. घोषणाच राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांसाठी तामिळनाडूसारखं काही करता येईल का, हे आपल्या आमदारांना विचारायला काय हरकत आहे?

मग आपण काय करायचं?

परीक्षा रद्द करा, असं म्हणणारा मी नाही. परीक्षा नसती तर वशिला आणि पैसा उरला असता, ऐंशीचं दशक आपण पाहिलंय. पण ज्या पट्ट्या चाळीस वर्षांत इतक्यांदा बदलल्या, त्यातल्या एका वर्षीच्या आकड्यावरून लेकराची किंमत करू नका. चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत :

१. पर्यायांचा अर्ज नेटकॅफेवाल्यावर सोडू नका. स्वतः बसा, लेकराला शेजारी घ्या, खरी आवड वरच्या क्रमांकाला टाका. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर सीट आपोआप पक्की होते, मग बदल नाही. पुढच्या फेऱ्यांचे नियम वर्षागणिक बदलतात, माहितीपुस्तिका वाचा.

२. मुलीला "फी नाही परवडत" म्हणून थांबवू नका. २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. अट एकच महत्त्वाची, प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून हवा. उत्पन्नाचा, जातीचा दाखला आत्ताच काढा. तहसीलची गर्दी माहीत आहे ना?

३. आपल्या तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात सायन्सचा वर्ग भरतो का, प्रयोगशाळा उघडते का, हे पालक म्हणून जाऊन विचारा. लातूर पॅटर्न कॉलेजच्या वर्गातच जन्मला होता. आपले सर हुशार आहेत, त्यांच्यासमोर पोरं बसवा. संध्याकाळची सराव परीक्षा सुरू करायला इमारत आहे, बाक आहेत, फक्त कुणीतरी कुलूप उघडायला हवं. मी स्वतः संस्थाचालकांशी बोलायला तयार आहे, दहा पालक सोबत या.

४. डॉक्टर-इंजिनिअरच्या पलीकडची यादी लेकरासमोर ठेवा. कृषी, फार्मसी, नर्सिंग, विज्ञानाची साधी बीएस्सी, आयटीआय. आणि बघा, २०२४ पासून राज्यानं बीबीए-बीसीएलाही सीईटी लावली. त्या वर्षी जागांपेक्षा परीक्षा देणारेच कमी निघाले आणि पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. खेड्यातल्या पोरांना अशी सीईटी आहे हेच माहीत नव्हतं. बारावीला असणाऱ्यांनी फॉर्मच्या तारखा आत्तापासून वहीत लिहून ठेवा.

शेवटी एकच. उद्या कुणाच्या घरी निकालाचे पेढे खायला गेलात तर आकडा जरूर विचारा, पण त्याच्या आधी लेकराला विचारा, "तुला काय करायला आवडतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पहिल्यांदाच कुणी विचारलेलं असतं, जरा वेळ लागतो.

तुमच्या वेळी कोणती पट्टी होती? इंटर, फ्री-पेमेंट, सीईटी, का २०१६ ची फरफट? कमेंटमध्ये वर्षासकट लिहा. आपल्या तालुक्याचा हा इतिहास आपणच लिहायचा आहे, दुसरं कोण लिहिणार?